चोरी झाली की आधी कुणाकडे बघायचं? – पारधी, कैकाडी, रामोशी आणि १८७१ चा शिक्का

माळावरचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. धाग्याचं निमित्त अगदी छोटं आहे. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माळावर पडलेल्या पालांचा फोटो आला, खाली एक ओळ: 'पारधी उतरलेत, सावध राहा.' भराभर अंगठे पडले. चोरी झालेली नव्हती, कुणी काही पाहिलेलं नव्हतं. पालं दिसली, एवढीच बातमी.

त्यातली दोन मुलं सध्या माझ्या वर्गात बसतात. आडनाव भोसले. हजेरीत नाव पुकारलं तर कुणाला काही कळणार नाही, कारण गावात निम्मे भोसलेच. पण पालावरची आहेत हे पोरांना पहिल्या तासाला कळलं आणि दुसऱ्या तासाला दप्तरं मांडीवर आली.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली, १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाखाही कचाट्यात आला. त्या काळच्या साहेबांचा हिशोब सरळ होता: या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो आणि लोहाराचा लोहार, म्हणजे दरोडेखोराचा पोरगा दरोडेखोरच होणार. मग गुन्हा शाबित करायची गरजच काय? सरकारने एखादी जमात जाहीर केली की तिची नोंदवही उघडायची, माणसांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, हद्द सोडायची तर पास घ्यायचा. जमातीला यादीत घालण्याच्या निर्णयाला कोर्टात आव्हान देण्याची वाट कायद्यानेच बंद करून टाकली होती. पुढे बोटांचे ठसे आले, मुलांना आईबापांपासून काढून संस्थेत ठेवायचे अधिकार आले. हे सगळं ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झालं, म्हणून त्या जमाती 'विमुक्त' आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

पण मला सतावणारी गोष्ट वेगळी आहे. एकदा शिक्का बसला की माणूस जे काही करेल ते त्या शिक्क्याचा पुरावा होतं. पारध्याचा पोरगा रात्री फिरला तर टेहळणी, दिवसा फिरला तरी टेहळणी. फाटके कपडे घातले तर सोंग. जुनी मोटारसायकल घेतली तर 'पैसे कुठून आले?' शाळेत आला तर 'किती दिवस टिकतो बघू', आणि पालं हलली, शाळा सुटली, की 'बघा, सांगितलं नव्हतं?' यातून सुटायला त्याने नेमकं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. समाजाने काय करायला हवं याची भाषणं मी २६ जानेवारीला स्वतःच देतो, ती इथे नकोत.

बोरीकाठचा

मास्तर, लिहिलंय चांगलं. पण मी शेतकरी आहे, आणि आमच्या शिवारातून विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली, ती पालं उतरल्यावरच गेली. नवी केबल काय भावाने मिळते ते विचारा दुकानात. पीक डोळ्यांदेखत वाळतंय आणि मी काय, १८७१ चा इतिहास वाचत बसू? शिक्का इंग्रजाने मारला असेल, पण लोकांनी अनुभवावरून तो ठेवलाय.

कोथरूडची_स्मिता

मास्तर, दप्तरं मांडीवर आली हे वाचून गप्प झाले. वाचते आहे.

आकडेमोड

बोरीकाठचांशी सहमत, फक्त भावना बाजूला ठेवून. मेंदू शिक्के मारतो कारण त्याशिवाय निर्णयच घेता येत नाही. विमा कंपनी पंचविशीतल्या मुलाला आणि पन्नाशीतल्या बाईला वेगळं मोजते, तिथे कुणी रडत नाही. एखाद्या गटाच्या नावावर गुन्ह्यांच्या नोंदी जास्त असतील तर तिथे जास्त लक्ष ठेवणं हा पूर्वग्रह नाही, ती शक्यता आहे.

अॅड_रेवती

आकडेमोड, तुमच्या गणितात एक गृहीतक गुपचूप बसलंय: नोंद म्हणजे गुन्हा. नोंद होते ती पोलीस जिथे पोचले तिथली. दहा चोऱ्या झाल्या आणि दहाही वेळा झडती पालांचीच घेतली, तर जे सापडेल ते पालांवरच सापडेल. गावातली बाकी घरं कुणी उघडून बघितलेलीच नसतात. पुढल्या वर्षी तीच वही काढून तुम्ही म्हणणार, बघा, आकडे खोटं बोलत नाहीत.

मी तालुका कोर्टात वकिली करते, तिथे हे चक्र कसं फिरतं ते सांगते. सणवार किंवा निवडणूक जवळ आली की चाप्टर केसेसचा जोर येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ११०, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२९. 'हा सराईत आहे, याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्या.' इथे नवा गुन्हा शाबित व्हावा लागत नाही. बाँडला जामीनदार मागतात. पालावरच्या माणसाला सातबारा असलेला जामीनदार कोण देणार? मग तो आत जातो. पुढच्या खेपेला रिमांडच्या कागदावर ओळ येते: 'सदर इसमाविरुद्ध यापूर्वी प्रतिबंधक कारवाई झालेली आहे.' त्याने काय केलं होतं, हे कुठेच नसतं. कारवाई झाली होती, एवढंच असतं, आणि पुरतं.

१९५२ नंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे: आता जमात नाही, एकेका माणसाच्या शिक्षा मोजायच्या. पण वहीत नावं कुणाची चढतात, हे ठरवणारी नजर तीच राहिली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने हे सराईत कायदे रद्द करा असं भारताला सुचवलं होतं.

आणि ज्यांना हे फक्त 'संशयाने त्रास' एवढंच वाटतं त्यांच्यासाठी एक निकाल. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. अतिशय भयंकर प्रकार. भटक्या जमातीतले सहा जण धरले गेले. नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून सुरुवातीलाच दुसऱ्याच चार जणांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. सोळा वर्षं गेली, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. सहापैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

निकालात न्यायालयाने म्हटलंय की हे आरोपी भटक्या जमातीतले, गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.

खवट_आजोबा

रेवतीताई, एका निकालावरून सगळे पोलीस वाईट आणि सगळे पारधी साधू असं होत नाही. हल्ली कुणालाही काही म्हणायची सोय राहिली नाही. आमच्या लहानपणी गावात रामोशी होते, रात्री 'होऽऽशार' ओरडत फिरायचे, सगळ्यांचं छान चाललं होतं. ही फूट पाडणारी चर्चा तेव्हा नव्हती.

रानवाटा

आजोबा, चांगली आठवण काढलीत. गावाची आणि किल्ल्यांची राखण ज्यांच्याकडे होती त्या रामोशींची गणना पुढे गुन्हेगारांत व्हायला लागली. मधे काय झालं? पेशवाई बुडाली, किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या, वतनं गेली. उमाजी नाईक उभे राहिले, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. राज्य बदललं आणि राखणदार संशयित झाला. माणसं तीच होती.

बंजाऱ्यांचंही तसंच. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारे तांडे. फौजांना रसद तेच पुरवायचे, मोगलांपासून इंग्रजांपर्यंत. मग पक्के रस्ते झाले, रेल्वे आली, मिठावर सरकारने मुठी आवळल्या, आणि तांड्याचा धंदा बसला. सरकारच्या लेखी मात्र ही आता 'कामधंद्याशिवाय फिरणारी' जमात. फिरणं हाच गुन्हा, कारण फिरणाऱ्याकडून सारा वसूल होत नाही आणि त्याचा पत्ता वहीत लिहिता येत नाही. पारध्यांना आधी जंगल कायद्यांनी आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीतून उठवलं. उपजीविका काढून घ्यायची आणि मग विचारायचं, पोट कशावर भरतोस?

अवांतर: बीडपासून नाशिकपर्यंत पतसंस्था बुडवणाऱ्या संचालकांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतोय. 'अमुक जातीची टोळी' असा मथळा एकदाही दिसला नाही.

खवट_आजोबा

पतसंस्थेत माझेही पैसे अडकलेत, ती जखम उघडू नका.

सेटलमेंटवाला

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. आम्ही कैकाडी. आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले. बाहेरच्या लोकांना सेटलमेंट म्हणजे वसाहत वाटते, पण ते त्याच गुन्हेगार जमाती कायद्याखालचं तारेच्या कुंपणातलं गाव होतं. आत कैकाडी, पारधी, टकारी, छप्परबंद, सगळे. दिवसाची हजेरी, रात्रीची हजेरी. बहिणीच्या लग्नाला दुसऱ्या गावाला जायचं तरी पास. आजोबा गिरणीत कामाला जायचे आणि पाळी संपली की परत तारेच्या आत. सुधारणा म्हणायचे त्याला. सोलापूरच्या गिरण्यांना पळून न जाणारे कामगार मिळाले, एवढी सुधारणा नक्की झाली बघा.

आता जे सांगणार आहे ते आमच्यातल्या काहींना आवडणार नाही. आजी म्हणायची, "आपण टोपल्या विणणारी माणसं. इंग्रजानं आपल्याला चुकून आत टाकलं. पारधी मात्र खरेच तसले." मी मोठा झाल्यावर माझा एक पारधी मित्र झाला. त्याच्या घरी तेच, फक्त उलटं: आम्ही जंगलातले राजे, फसवून आत आणले गेलो, बाकीचे मात्र तसलेच. म्हणजे यादीत बसलेल्या प्रत्येकाला यादी एकाच ठिकाणी चुकलीय असं वाटत होतं, आपल्यापाशी. शेजाऱ्यापाशी ती बरोबरच होती. दुसऱ्याबद्दल सरकारचं म्हणणं आपण किती लवकर खरं धरतो!

तार गेली तरी पत्ता राहिला. वडील अर्जावर शेजारच्या पेठेचं नाव टाकायचे. कारण खरा पत्ता टाकला की मुलाखतीत साहेब वर बघायचा. एवढंच, वर बघायचा. कुणी शिवी दिली नाही, हाकललं नाही. 'कळवतो' म्हणायचे. त्या 'कळवतो'वर वडिलांची पाच-सहा वर्षं गेली. मास्तर, तुम्ही विचारलंत सुटायला काय करायचं. वडिलांचं उत्तर पत्ता लपवायचं होतं. माझ्या पिढीत काहींनी आडनावं बदलली. काही जण पुण्याला गेले ते गेलेच, लग्नकार्यालाही सेटलमेंटात येत नाहीत. मी त्यांना नावं ठेवत नाही.

बोरीकाठचा

दादा, हे माहीत नव्हतं. पण एक विचारतो, राग मानू नका. तुमच्यातला कुणी खरंच चोरी करत असेल तर तुम्ही लोकं त्याला पुढं आणता का?

सेटलमेंटवाला

राग नाही. तुमच्या गावात केबलचं तांबं विकत घेणारा भंगारवाला कुणाला माहीत नाही असं आहे का? त्याला कोण पुढं आणतं? आमच्याकडे जातपंचायत दंड करायची, तो कारभार काही गोड नव्हता, तिच्यावर वेगळा धागा होईल. पण ठाण्यात जाऊन नाव सांगायचं म्हटलं तर अडचण अशी, की एकाचं नाव सांगायला गेलेला स्वतःच आत बसतो. 'तुला कसं माहीत?' हा पहिला प्रश्न. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही साक्षीदार, मी सांगितलं तर मी साथीदार.

आकडेमोड

रेवतीताईंचा नोंदीचा मुद्दा मान्य, माहिती जिथून गोळा केली तिथलाच कल निकालात येतो. पण पूर्ण नाही. नजर सगळीकडे सारखी ठेवली तरी काही फरक उरू शकेल, गरिबीमुळे का होईना. तो बोलूच नये का?

रानवाटा

बोला की, पण मग गरिबीचं बोला. जमातीचं नाव कशाला लागतं?

नजर सारखी ठेवली तर काय दिसतं याचं एक जुनं उदाहरण आहे, अमेरिकेतलं. विल्यम चॅम्ब्लिस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एका शाळेतले मुलांचे दोन गट बराच काळ जवळून पाहिले, १९७३ मध्ये त्यावर लिहिलं. एक गट आठ सुखवस्तू घरच्या मुलांचा, दुसरा सहा गरीब घरच्या मुलांचा. शाळा बुडवणं, दारू पिणं, मोडतोड, दोघांचंही चालायचं. सुखवस्तू पोरं दारू पिऊन गाड्या हाणायची, म्हणजे धोका त्यांचाच जास्त. पण त्यांच्याकडे गाड्या होत्या, ती गावाबाहेर जाऊन धिंगाणा घालायची. आणि पोलिसाने अडवलं की नम्रपणे 'सॉरी सर' म्हणायची. गरीब पोरं नाक्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असायची आणि उलट बोलायची. गावाच्या लेखी पहिली गुणी, वयाचा अल्लडपणा चाललेला. दुसरी वाया गेलेली. आठांपैकी एकालाही अटक झाली नाही, सहांना मात्र सतत.

पुढचं जास्त रंजक आहे. आठांतले बहुतेक शिकून चांगल्या नोकऱ्यांना लागले. सहांतले दोघे पुढे वेगवेगळ्या खुनांत तुरुंगात गेले. पण दोघांना फुटबॉलमुळे कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली आणि ते सरळ मार्गाला लागले. वाईट पोरगा म्हणून ओळखला जाणारा 'आपला खेळाडू' झाला आणि गाव त्याच्याकडे वेगळं बघायला लागलं.

खवट_आजोबा

अमेरिकेतल्या चौदा पोरांवरून महाराष्ट्र ठरवणार आता.

रानवाटा

ठरवत नाही आजोबा, शेजारी ठेवतोय. आणि तुमच्या सोसायटीतली इंजिनिअर पोरं ३१ डिसेंबरला काय करतात ते तुम्हीच मागे एका धाग्यावर लिहिलं होतं. त्यांची वही कुठल्या ठाण्यात आहे?

कोथरूडची_स्मिता

सोसायटीवरून आठवलं. आमच्याकडे गेटवर अॅप आहे. कामवाल्या मावशी, दूधवाला, ड्रायव्हर, सगळ्यांचे फोटो आणि त्याखाली रहिवाशांचे शेरे. एका मावशींच्या नावाखाली कुणीतरी लिहिलं: 'लक्ष ठेवा.' बास. काय झालं, कधी झालं, काही नाही. दोन घरांनी काम काढून घेतलं. ज्या घराने लिहिलं होतं त्यांची वस्तू नंतर त्यांच्याच गाडीच्या डिकीत सापडली म्हणे. शेरा काढायचा कसा हे कुणालाच माहीत नाही, कारण अॅपमध्ये शेरा टाकायची सोय आहे, आणि मावशींना तो दिसत नाही. मी मीटिंगमध्ये विषय काढला तर चेअरमन म्हणाले, "असू दे हो, सावध राहिलेलं बरं." मास्तरांच्या गावाच्या ग्रुपवरचं वाक्य आणि हे वाक्य यात मला काही फरक दिसला नाही.

अॅड_रेवती

स्मिता, हजेरीची वही मोबाइलवर आली, दुसरं काय. नाव चढवायला एक माणूस पुरतो, उतरवायला कुठे अर्ज करायचा ते अॅपमध्येच नाही. १८७१ मध्येही जमात यादीत चढली की कोर्टात जायची वाट नव्हतीच.

माणदेशी

मंगळवेढ्याजवळचा आहे म्हणून लिहितो. सावध राहिलेलं बरं, हे वाक्य कुठपर्यंत जातं ते आमच्या भागाला माहीत आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. आमच्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर पसरलेली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मारून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेला फिरणारी माणसं ती. त्यांच्या झोळीला, भाषेला पूर्वी गाव ओळखायचं. त्या दिवशी गावाने फक्त 'अनोळखी' एवढंच ओळखलं.

शिक्का जमातीचा असायलाच हवा असं नाही. फिरस्ता एवढंही पुरतं.

प्रशासक

धागा चांगला चालला आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातींची नावं घेऊन शेरेबाजी करणारे आयडी थेट बंद होतील.

आकडेमोड

मग मला एक सांगा. शिक्काच वाईट असेल तर 'विमुक्त जाती' हाही शिक्काच आहे. आरक्षणासाठी तो चालतो, पोलिसांसाठी चालत नाही, असं कसं? सगळेच शिक्के पुसा.

सेटलमेंटवाला

या प्रश्नाची वाटच बघत होतो. महाराष्ट्रात विमुक्त जाती 'अ' मध्ये चौदा जमाती आहेत आणि आरक्षण तीन टक्के. त्या तीन टक्क्यांतून मी डिप्लोमाला लागलो, लपवत नाही. पहिला शिक्का माझ्या आजोबाला न विचारता मारला आणि तो दाखवून त्यांना आत ठेवलं. दुसरा मी स्वतः रांगेत उभा राहून मागितला आणि तो दाखवून मी आत शिरलो, कॉलेजात. रानवाटांच्या गोष्टीतल्या फुटबॉलवाल्या दोन पोरांसारखं समजा.

आणि तो मिळतो किती सहज ते ऐका. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. जो माणूस फिरतो म्हणून त्याला गुन्हेगार ठरवलं, त्याच्या नातवाला सरकार विचारतं, तुझा आजोबा त्या दिवशी कुठे राहत होता, कागद दाखव. आमच्या घरी कागद कुठला निघाला माहीत आहे? सेटलमेंटचा. इंग्रजाने नोंद ठेवली होती ना, नाव, बापाचं नाव, जमात, सगळं नीट. ज्या नोंदीने आजोबाला जन्मभर छळलं तिच्या नकलेवर माझं सर्टिफिकेट झालं. आजोबा असते तर शिव्या घालून हसले असते. ज्यांचे आजोबा सेटलमेंटमध्ये नव्हते, नुसतेच माळरानावर होते, त्यांच्याकडे तेवढाही कागद नाही.

आकडेमोड

हे उत्तर आवडलं. तरी पूर्ण पटलं नाही. सरकारने एकदा माणसं गटात घातली की दोन्ही प्रकारचे वापर होणारच, एक चालू ठेवून दुसरा थांबवता येईल याची खात्री कोण देणार?

अॅड_रेवती

खात्री कुणी देत नाही, पण कुठल्या कागदावर कुठला रकाना असावा हे ठरवता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीनुसार कामं वाटणारी कलमं होती, विमुक्त जमातींकडे सराईत म्हणून बघणारे उल्लेख होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका असं पोलिसांना बजावलं. शाळेच्या प्रवेशाला जात विचारली तर तिचा उपयोग शिष्यवृत्तीला होतो. तुरुंगाच्या वहीत जात विचारली तर उपयोग कशाला होतो, हे आता न्यायालयानेच सांगितलंय. रकाना तोच, टेबल वेगळं.

माळावरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. सेटलमेंटवाले दादा, तुमचा प्रतिसाद छापून शिक्षकांच्या खोलीत लावायची परवानगी हवी आहे.

वर्गाचं सांगतो. दप्तरं मांडीवर घेऊ नका असं मी पोरांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की सरांनाही कारण माहीत आहे. मी फक्त दप्तरांसाठी भिंतीला खिळे ठोकले आणि सगळ्यांची दप्तरं तिकडे टांगायला लावली. एका पालकाने विचारलंच, "सर, हरवलं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, मी. अजून तरी एकाचा कंपास हरवलाय आणि तो त्याच्या बहिणीच्या वर्गात सापडला.

आता कामाचा प्रश्न. या दोन मुलांकडे ना जन्माचा दाखला, ना वडिलांचा शाळा सोडल्याचा. १९६१ चं तर सोडाच. जातीच्या दाखल्यासाठी सुरुवात कुठून करू?

अॅड_रेवती

जन्माची नोंद आधी, उशिराच्या नोंदीचा अर्ज करावा लागेल. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात लिहिताना 'पारधी' एवढंच लिहू नका, फासेपारधी की पालपारधी हे घरच्यांना विचारून, खातरजमा करून नेमकं लिहा. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पालपारधी आणि राजपारधी विमुक्तांत. इथे चूक झाली तर पुढे पडताळणी समितीसमोर पोराची दमछाक होते. कागद नसतील तर गृहचौकशी करून दाखला देण्याची तरतूद आहे, तहसीलमध्ये 'नाही' म्हणतील, लेखी नकार मागा. लेखी मागितला की बऱ्याचदा 'नाही'चं 'बघतो' होतं.

बोरीकाठचा

रेवतीताई, माझंही एक काम होतं. केबलची फिर्याद द्यायला गेलो तेव्हा ठाण्यात पहिलंच विचारलं, संशय कुणावर आहे? मी म्हणालो, पालं उतरलीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पालांवरून दोघांना उचललं. केबल काही मिळाली नाही. त्या दोघांचं पुढं काय झालं मी विचारलं नाही. शेजारच्या वस्तीवरची केबल मागच्या आठवड्यात गेली, तेव्हा पालं उठून गेलेली होती. आता त्यांना फिर्याद द्यायचीय. संशयाच्या जागी काय लिहायचं?

अॅड_रेवती

'अज्ञात इसम'. नाव किंवा जमात सांगायलाच हवी असं काही नाही. केबलची लांबी, कंपनी, खरेदीची पावती आणि कधी शेवटची पाहिली ती वेळ लिहा. आणि आसपासच्या भंगाराच्या दुकानांची तपासणी व्हावी अशी विनंती त्याच अर्जात टाका.

सेटलमेंटवाला

पावती नसेल तर दुकानदाराकडून बिलाची नक्कल मिळते. मास्तर, खुशाल लावा प्रतिसाद, फक्त खाली माझं गाव लिहू नका. गृहचौकशीच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.